अंक गिरवण्याआधी चित्रांतून मोजू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नात आता साडेपाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये ती एका खासगी बालवर्गात जाऊ लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला १ ते ५० हे अंक तीन वेळा लिहून आणण्याचा गृहपाठ मिळाला. त्या संध्याकाळी ती २७ पाशी थांबली, पेन्सिल खाली ठेवली आणि रडू लागली. तिचे रडे थांबल्यावर मी शेंगदाण्यांची वाटी पुढे ठेवून ‘यातले सात मला दे’ असे म्हटले, तेव्हा तिने ओंजळभर दाणे माझ्या हातावर ठेवले. ७ हा अंक तिला सुबक काढता येत होता, पण सात म्हणजे किती, हे तिला कोणी दाखवलेच नव्हते. शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण आमच्या गल्लीतील आणखी चार घरांत चौकशी केली तेव्हा वेगवेगळ्या शाळांच्या तशाच वह्या पाहायला मिळाल्या. तेव्हापासून आम्ही घरी हाताने केलेल्या चित्रांतून, रांगोळीतून आणि कागदकामातून तिला मोजायला शिकवत आहोत. त्यात जे हाती लागले ते लहान मुलांच्या आईवडिलांपुढे, आजीआजोबांपुढे आणि अंगणवाडीताईंपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या व्यवसायाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ही वाट मला त्यातूनच सुचली. मी चौतीस वर्षे सोलापुरातील चादरीच्या कारखान्यांसाठी नक्षी काढण्याचे काम केले. चौकटीच्या कागदावर प्रत्येक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा, असा आमचा हिशेब असे. चौकोन रंगवला की तेथे उभा धागा उचलला जाणार आणि कोरा ठेवला की तो खाली राहणार. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांवर भोके पाडली जात, एका आडव्या ओळीला एक कार्ड, आणि ती कार्डे दोऱ्याने एकमेकांना जोडून तयार झालेली माळ मागावर चढवली जाई. फ्रान्समधील जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास तयार केलेल्या या युक्तीवर आपल्या गावातील चादरींचे मोर आणि कमळे उमटत आली आहेत. मोजताना एक चौकोन इकडचा तिकडे झाला तर मोराची मान मोडते, आणि ती चूक एका चादरीत नव्हे, तर त्या माळेवर विणल्या जाणाऱ्या प्रत्येक चादरीत येते. मी जेमतेम दहावीपर्यंत शिकलो, परंतु आयुष्यभर चित्र काढणे आणि मोजणे या दोन गोष्टी मी कधी वेगळ्या करू शकलो नाही. लहान मुलाच्या बाबतीत त्या वेगळ्या करण्याची आपल्याला इतकी घाई का असते, हे मला मनापासून विचारावेसे वाटते.

घरात जुन्या कार्डांची एक माळ पडून होती. तिच्यातील एक कार्ड कापून मी नातीला दहा भोकांची एक पट्टी करून दिली. पाच भोकांभोवती गेरूने आणि पाच भोकांभोवती हळदीच्या पाण्याने कडे काढले. ती प्रत्येक भोकातून उरलेल्या सुताचा एक तुकडा ओवत असे आणि ओवताना एक, दोन, तीन म्हणत असे. पहिले काही दिवस तोंडातील आकडा आणि हातातील धागा यांचा मेळ बसत नव्हता; जीभ पुढे पळे आणि बोट मागे राही. शेंगदाणे मोजतानाही तेच होते, पण दाणे वाटीत परत जातात आणि चूक दिसेनाशी होते, तर ओवलेला धागा जागेवर राहतो. तोंडाने आठ म्हटले आणि धागे सातच दिसले की तिला स्वतःलाच थांबावे लागे. आठवडाभरात जीभ बोटासाठी थांबायला शिकली.

त्यानंतरची अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती मोठ्या माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. नात ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असे बिनचूक मोजायची आणि ‘मग किती धागे आहेत?’ असे विचारले की पुन्हा पहिल्यापासून मोजू लागायची. मोजताना उच्चारलेला शेवटचा शब्द हा शेवटच्या धाग्याचे नाव नसून सगळ्या धाग्यांचा मिळून एक आकडा आहे, ही समजूत आपोआप येत नाही. यावर आमच्या घरात उपयोगी पडला तो साधा घेर. मोजून झाले की मोजलेल्या सगळ्या वस्तूंभोवती तिने खडूने एक मोठे कडे काढायचे आणि त्या कड्याला मिळून एक नाव द्यायचे: पाच. कडे काढताना तिचा हात जो फिरे, त्या फिरण्यातच ‘सगळे मिळून’ हा अर्थ तिच्या ध्यानात आला असावा, असे मला वाटते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांसमोर सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळी मांडून त्यातील एक ओळ फाकवली की मुले लांब ओळीत जास्त वस्तू आहेत असे सांगतात, हे दाखवून दिले होते. मी हेच अंगणात ठिपक्यांनी करून पाहिले. सहा ठिपके जवळजवळ आणि सहा ठिपके दूरदूर काढले, तेव्हा नातीने ठामपणे लांब ओळीकडे बोट दाखवले. मी तिला चूक म्हटले नाही. वरच्या प्रत्येक ठिपक्यापासून खालच्या ठिपक्यापर्यंत एक रेघ ओढायला सांगितली. सहा रेघा ओढून झाल्यावर एकही ठिपका एकटा उरला नाही, तेव्हा ती बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत उभी राहिली. त्या दिवशी तिने आपले मत बदलले नाही. दोन महिन्यांनंतर मात्र तीच मला म्हणाली, ‘आबा, लांब असलं तरी सारखंच असतं.’ मुलाला वेळ द्यावा लागतो, आणि तोंडी सांगून तो वेळ कमी होत नाही.

आपल्या भाषेतील संख्यानामांचा प्रश्न येथे ओघाने येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता, आणि त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख असलेल्या दिवंगत गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात, अशी बाजू मांडली होती. त्या वादात मला पडायचे नाही, परंतु अडचण खरी आहे, हे सोलापुरात राहणाऱ्याला लवकर कळते. आमच्या शेजारी तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंब आहे. त्यांच्या घरात साठ आधी आणि आठ नंतर येतात: अरवै एनिमिदि. पलीकडच्या कानडी घरातही तसेच, अरवत्तेंटु. मराठीत मात्र आपण अडुसष्ट म्हणतो. आठ आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, पण लिहिताना ६ आधी लिहायचा असतो. घरी तेलुगू किंवा कानडी आणि शाळेत मराठी, किंवा घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी आकडे, अशा दोन-तीन प्रवाहांत आपल्या शहरातील हजारो मुले मोजायला शिकतात. त्यांनी ६८ च्या जागी ८६ लिहिले तर ते निष्काळजीपणाने लिहिलेले नसते. कानाने जे ऐकले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेले असते.

नातीला हा आकडा कळला तो सिद्धेश्वरांच्या यात्रेत. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतील मानाच्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात हे तिने ऐकले आणि ती सगळी लिंगे आपल्याला कागदावर काढायची आहेत, असा हट्ट धरला. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर मी दहा-दहाच्या ओळी आखून दिल्या. तिने बोट काजळीत बुडवून एकेक ठसा उमटवला. सहा ओळी पूर्ण भरल्या आणि सातव्या ओळीत आठ ठसे झाले. कडेला तिने सात नंदीध्वज काढले, त्यांना बाशिंगे आणि हार घातले, तीन दिवस ते चित्र भिंतीवर राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिने ते मोजून दाखवले. शेजारच्या अव्वांनी (नात त्यांना याच नावाने हाक मारते) त्यावर बोट ठेवून तेलुगूत मोजले, माझ्या पत्नीने मराठीत मोजले आणि दोघींची बोटे शेवटी एकाच ठशावर येऊन थांबली. सहा भरलेल्या ओळी आणि आठ सुटे ठसे डोळ्यांपुढे असल्यावर अडुसष्ट म्हणा किंवा साठ आठ म्हणा, लिहिताना कोणता अंक आधी येणार याबद्दल मुलाच्या मनात गोंधळ राहत नाही.

मराठी नावांत अडचणी आहेत, तसे सौंदर्यही आहे, आणि तेही चित्रातूनच दिसते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या नावांतील ‘एकोण’ म्हणजे एकाने ऊन, एक कमी. ही गोष्ट फळ्यावर सांगितली तर ती व्याकरणाची होते. आम्ही दहा-दहा कड्यांच्या तीन ओळी काढल्या, सगळी कडी रंगवली आणि शेवटचे एक कडे कोरे ठेवले. मी विचारले, ‘हे तीस आहेत का?’ नात म्हणाली, ‘नाही, एक उणा आहे.’ मग मी तिला एकोणतीस हा शब्द सांगितला आणि तो तिला पुन्हा सांगावा लागला नाही. शेजारचा दुसरीतला मुलगा हा खेळ पाहत होता. त्याने एकोणनव्वदपर्यंत हे ताडून पाहिले आणि मग नव्याण्णवपाशी येऊन ‘इथं एकोण का नाही?’ असे विचारले. शंभराच्या अलीकडे भाषेने आपला नियम सोडला आहे, हे ज्या मुलाच्या स्वतःच्या लक्षात येते, त्याच्या गणिताची काळजी करण्याचे कारण नाही.

देवनागरी अंकांबद्दलही एक गोष्ट नमूद करतो. ३ आणि ६ हे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब वाटावेत असे अंक आहेत आणि १ व ९ यांतही फरक थोडाच आहे. वहीत पन्नास वेळा उलटा ३ काढला तर हाताला उलटाच वळतो. आम्ही पुठ्ठ्यावर खळ लावून त्यावर जाड सुताचे अंक चिकटवले आणि तिने डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचे, असा रिवाज ठेवला. ३ च्या शेजारी तीन गाठी आणि ६ च्या शेजारी सहा गाठी बांधल्या होत्या, म्हणजे बोट आकाराकडून संख्येकडे जाई. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात खरबरीत कागदाची अक्षरे व अंक याच हेतूने वापरले जात. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने अशा गावातच मिळणाऱ्या वस्तूंतून या दोघींनी मुलांना शिकवले. अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी योजनेचे नाव म्हणून उच्चारतो, पण तिच्या मुळाशी असलेली कल्पना महाराष्ट्रातील या दोन बायकांच्या कामातून आलेली आहे, आणि याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

सोलापुरासारख्या विणकरांच्या गावात ज्या कामाकडे आपण सर्वांत आधी वळायला हवे ते कागद विणण्याचे आहे. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले, आणि मुलांसाठी त्यांनी जे हस्तोद्योग योजले त्यांत रंगीत कागदाच्या पट्ट्या एकमेकींतून विणण्याचाही समावेश होता. जुन्या लग्नपत्रिका यासाठी फार चांगल्या, कारण त्यांचा कागद जाड आणि रंगीत असतो. एका पत्रिकेला समान अंतरावर उभे छेद द्यावेत (कात्री मोठ्यांनीच धरावी) आणि दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या मुलाने एकावरून, एकाखालून अशा ओवाव्यात. दुसरी पट्टी पहिलीच्या उलट सुरू होते. नातीने चार पट्ट्या ओवल्यावर पहिली आणि तिसरी सारखी आहे, दुसरी आणि चौथी सारखी आहे, हे स्वतः ओळखले. सहावी कशी येईल, हे तिने ओवण्याआधीच सांगितले. हा सम-विषमाचा पहिला धडा आहे आणि त्याला सम-विषम हे शब्द अजून लागत नाहीत. पुढे आणखी एक गंमत तिला दिसली. उभ्या पट्ट्या नऊ असल्या तर ‘वर’ने सुरू केलेली आडवी पट्टी ‘वर’नेच संपते, आठ असल्या तर ‘वर’ने सुरू होऊन ‘खाली’ने संपते. मी माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मागाच्या काठापाशी बसून जे शिकलो, ते ही मुलगी पत्रिकेच्या तुकड्यावर शिकली. विणून झालेला तुकडा उलटा केला की वरचा रंग खाली गेलेला दिसतो. आमच्या घरातील जुन्या चादरीवर एका बाजूला जो मोर लाल आहे तो दुसऱ्या बाजूला पांढरा आहे. तिने चादर ओढून आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

रांगोळीबद्दल लिहायचे तर माझ्यापेक्षा माझ्या पत्नीचा अधिकार मोठा आहे. ‘एक ते पाच ते एक’ ही ठिपक्यांची मांडणी बहुतेक घरांत ठाऊक असते: पहिल्या ओळीत एक ठिपका, मग दोन, तीन, चार, पाच आणि पुन्हा उतरत एकापर्यंत. एके सकाळी नातीने ते सगळे ठिपके मोजले आणि पंचवीस भरले. माझ्या पत्नीने तिला रांगोळीच्या कोपऱ्याकडे नेऊन तिरके उभे केले आणि तेथून पाहायला सांगितले, तर तेच ठिपके पाच-पाचच्या पाच सरळ ओळींत दिसू लागले. दारात बसलेल्या अव्वा चटकन म्हणाल्या, ‘एक कट्टा झाला की!’ त्यांनी तीस वर्षे विड्या वळल्या. त्यांच्या बोटांत पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्ट्यांचे हजार असा हिशेब आहे, कारण मजुरी हजारावर मिळते. त्या दिवसापासून नात कागदावर पाच ओळी पाच ठिपके काढते आणि त्याला कट्टा म्हणते. पाच पाचे पंचवीस हा पाढा तिने अजून पाठ केलेला नाही, पण पुढे जेव्हा ती पाठ करेल, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आपल्याच अंगणातील एक आकृती असेल.

अपूर्णांकांचे तर आपल्या भाषेत भांडार आहे आणि आपण ते वापरेनासे झालो आहोत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मराठी माणूस बाजारात रोज उच्चारतो, आणि पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे त्यांचे पाढेच असत. मुलाला ते पाढे घोकायला लावावेत असे मी म्हणत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची एक गोल भाकरी कापावी, तिला मुलाच्या हाताने दोनदा घडी घालावी आणि उलगडून घडीच्या रेघा कोळशाने काढाव्यात. चार चतकोर दिसतात. एक चतकोर रंगवला की पाव, दोन रंगवले की अर्धी, तीन रंगवले की पाऊण. जेवताना खरी भाकरी मोडली जाते तेव्हा ‘मला चतकोर दे’ म्हणणाऱ्या मुलाला चौथा भाग म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आमच्या हातून चुकाही झाल्या, त्या सांगणे मला कर्तव्य वाटते. नक्षीची सवय असल्याने सुरुवातीला मी फार सजवलेली चित्रे काढली. दहा पोपट काढले, प्रत्येकाला पिसे, लाल चोच, गळ्याशी पट्टा. नातीने चोची मोजल्या, मग पंख मोजले, मग कोणत्या पोपटाची चोच मोठी आहे याचा विचार सुरू झाला आणि दहा हा आकडा बाजूलाच राहिला. मोजायला शिकवण्याचे चित्र साधे असावे, एकाच रंगाचे किंवा फार तर दोन रंगांचे, आणि शक्यतो मुलाने स्वतः काढलेले असावे. वाकडे असले तरी ते त्याचे असते आणि त्यातील प्रत्येक ठिपका त्याने हाताने ठेवलेला असतो. बाजारातील छापील तक्त्यात आणि मोबाईलच्या पडद्यावर हेच नसते. तेथे सफरचंदे आधीच मोजून ठेवलेली असतात. आमची दुसरी चूक अशी, की उत्तर चुकले की आम्ही घाईने बरोबर उत्तर सांगत होतो. ‘कसं मोजलंस ते मला दाखव’ एवढे विचारल्यावर निम्म्या वेळा ती स्वतःच चूक दुरुस्त करते. आणखी एक सावधगिरी: तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर चिंचोके, मणी, दाणे त्याच्या हाती लागू देऊ नयेत, ते तोंडात आणि घशात जातात. त्या वयासाठी बोटांचे ठसे आणि पानांचे ठसे पुरेसे आहेत. हळदीत चुना मिसळून लाल रंग करायचा असेल तर ते काम मोठ्यांनी करावे.

हे सगळे करायला पैसा लागत नाही, पण मोठ्या माणसाची रोजची पंधरा-वीस मिनिटे लागतात. यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाकडे आणि विड्या वळणाऱ्या आईकडे ती कोठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच अंगणवाडीचे महत्त्व मोठे आहे. देशात ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज गरीब वस्तीतील मुलाला पाच वर्षांच्या आत कोणी मोजायला शिकवू शकेल तर ती अंगणवाडीताईच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानले आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट असे, की २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि प्राथमिक संख्याज्ञान असावे. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याचा भरही खेळ, चित्र आणि हातातील साहित्य यांवर आहे. धोरण आमच्या बाजूचे असताना साडेचार वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पन्नास अंकांची वही कशी येते? आईवडील ‘काय लिहून आणले?’ असे विचारतात म्हणून शाळा लिहायला देतात, आणि शाळा लिहायला देते म्हणून आईवडील रात्री मुलाला ओरडतात. हे चक्र दोन्ही बाजूंनी थांबवावे लागेल. बालवर्ग चालवणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की सहा वर्षांखालील मुलांना अंक उतरवून आणण्याचा गृहपाठ देऊ नये, आणि पालकसभेत वह्यांऐवजी मुलांनी केलेली मोजणीची चित्रे भिंतीवर लावून दाखवावीत.

दुसरी विनंती माझ्या जुन्या धंद्यातील बंधूंना आहे. नक्षी संगणकावर होऊ लागल्यापासून पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळा रद्दीच्या भावाने जात आहेत. सुताचे रिकामे कोन आणि मागाखाली उरणारे रंगीत धागे यांचीही तीच गत आहे. एका माळेत पन्नास मुलांना पुरेल इतकी दहा-दहा भोकांची पट्टी निघते. कोन एकात एक बसतात, त्यांची उतरंड करता येते, ते मोजता येतात आणि रंगवता येतात. पूर्व भागातील आणि औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांनी हा माल भंगारात देण्यापूर्वी जवळच्या अंगणवाडीला किंवा महापालिकेच्या शाळेला एकदा विचारावे. कार्डांना तेल लागलेले असेल तर ती पुसून, कडा कापून द्यावीत. माझ्याकडे तीन माळा होत्या. त्यांतील दोन मी आमच्या गल्लीतील अंगणवाडीत नेऊन दिल्या आहेत, आणि दर शनिवारी सकाळी तेथे बसून ताईंना पट्ट्या कापून देतो. इतर अंगणवाड्यांनाही अशा पट्ट्या हव्या असतील, तर कापण्याचे काम मी आनंदाने करीन. माल मात्र कारखान्यांतून यायला हवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नक्षीकार,
पूर्व भाग, सोलापूर